शालोमच्या न पाहिलेल्या दुपारी

पुष्पांजली सिस्टरच्या मुलीने आईला पहिल्यांदा हाक मारली ती "तिस्तल" अशी.

जानेफळजवळच्या एका खेड्यात त्या दिवशी लसीकरण होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना टोचून, त्यांच्या रडण्याने कान भरून पुष्पांजली स्कूटीवरून घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. घर म्हणजे बद्रुद्दीनभाई गादीवाल्यांच्या मागच्या दोन भाड्याच्या खोल्या. रस्त्याच्या बाजूला भाईंचं दुकान आणि कापूस पिंजायची मशीन, मधे अंगण, अंगणाच्या एका कडेला भाईंचं घर आणि दुसऱ्या कडेला सिस्टरचं. अंगणात भाईंची बायको नूरजहां गादीला टाके घालत बसली होती आणि तिच्या शेजारी कापसाच्या ढिगात सव्वा वर्षाची शालोम कमरेपर्यंत बुडालेली होती.

पुष्पांजली गाडी लावत होती, तेवढ्यात फाटकाशी एक बाई आली.

"सिस्टर आल्या का वं?" तिने नूरजहांला विचारलं.

नूरजहांने मान वर करायच्या आत शालोमने कापसातून हात बाहेर काढला, आईकडे बोट केलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "तिस्तल!"

सगळे हसले. मशीन बंद करून बद्रुद्दीनभाईसुद्धा हसत बाहेर आले. "अरे वा! पोट्टीले आईची ड्यूटी बराबर मालूम हाये," म्हणाले. पुष्पांजलीही हसली. फाटकावरच्या बाईच्या सुनेला ताप होता. तिला गोळ्या दिल्या, कशा द्यायच्या ते समजावलं, उद्या येऊन बघते म्हणाली. मग खोलीत जाऊन तिने चहाचं पातेलं गॅसवर चढवलं, आणि पाणी आटत आलं तरी पत्ती टाकायचं तिला सुचलं नाही.

लेकराने आपल्याला काय म्हणावं, हे तिने फार आधी ठरवून ठेवलं होतं. मेहकरच्या शमुवेलशी लग्न होऊन सात-आठ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. दुसऱ्या वेळी तर पाचवा महिना होता, बाळाची हालचाल कळायला लागली होती. आणि काम असं की रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात बाळंतीण बघायची, बाळाला तराजूच्या झोळीत घालून वजन घ्यायचं. एखादी म्हातारी सहज विचारायची, "सिस्टर, तुमाले काय हाये? पोरगं का पोरगी?" पुष्पांजली म्हणायची, "देव देईल तेव्हा सांगीन आजी," आणि लसीच्या डब्याचं झाकण घट्ट लावून पुढच्या घरी निघायची. खामगावला तिच्या माहेरी सगळी भावंडं आईला मम्मी म्हणत. ती मम्मीही शालोम पोटात असतानाच गेली. त्यामुळे हाक मारायलाही कुणी उरलं नव्हतं, आणि आपल्याला ती हाक मारणारं कुणी अजून आलं नव्हतं. मधल्या त्या महिन्यांत पुष्पांजली स्वयंपाक करता करता एकटीच हळूच म्हणून बघायची, "मम्मी." आपल्याच आवाजात ते फार परकं वाटायचं.

मग शालोम झाली. नाव शमुवेलने ठेवलं. शालोम म्हणजे शांती, असं त्याने नूरजहांला समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आमच्यात सलाम म्हणतेत. एकच झालं की." आणि तिने आपल्यापुरतं मुलीचं नाव सलामत करून टाकलं.

शमुवेल एसटीत कंडक्टर. मेहकर डेपोतल्या मुक्कामाच्या गाड्या त्याच्या वाट्याला येत, आठवड्यातले तीन-चार दिवस तो घरी नसे. त्याची आई, विमलबाई, मेहकरला थोरल्या मुलाकडे राहायची. तिचे गुडघे गेलेले. रांगत्या लेकरामागे धावणं तिच्याने होणार नव्हतं. पुष्पांजलीची रजा संपत आली तेव्हा तिला अन्न गोड लागेना. अशात एका सकाळी नूरजहां दारात येऊन उभी राहिली.

"काऊन फिकीर करून राह्यल्या, सिस्टर? माही रुबिना सासरी गेली. फैजान तिकडं वरवटले वेल्डिंगचं दुकान टाकून बसला. दिवसभर घर खायाले उठते मले. ठेवून जा लेकरू इथंच."

"खाला, ती फार रडते." मावशी मानून पुष्पांजली तिला खाला म्हणायची.

"रडू द्या नं. माह्या दोन्ही लेकरांनी मले काय हसून दाखवलं होतं का?"

पहिले आठ-पंधरा दिवस शालोम खरंच रडली. पुष्पांजली स्कूटी सुरू करायची आणि मागून तो आवाज यायचा. फाटकाबाहेर गाडी काढून ती वळणावर थांबायची आणि आवाज बंद होईपर्यंत पुढे जायची नाही. मग एक सकाळ अशी आली की शालोम रडली नाही. नूरजहांच्या कडेवरून तिने हात हलवला. नूरजहां म्हणत होती, "टाटा कर, सिस्टरले टाटा कर. जाऊन येते सिस्टर." मुलीने हसत टाटा केला. त्या दिवशी पुष्पांजली वळणावर जास्त वेळ थांबली.

नूरजहांने मुलीला जीव लावला, यात शंका नव्हती. दुपारी मऊ खिचडी कालवून भरवायची, अंगाला तेल लावायची, मशीनच्या आवाजात झोप लागत नाही म्हणून मागच्या पडवीत झोळी बांधायची. संध्याकाळी शालोम घरी यायची ती केसांत कापसाचे पुंजके घेऊन. पुष्पांजली ते एकेक वेचून काढायची. मुलीच्या अंगाला तेव्हा नूरजहांच्या घरचा वास असायचा: लोबान, कापूस आणि शिळ्या उन्हाचा. आंघोळ घातली की तो जायचा आणि सकाळी परत यायचा.

वाढदिवसाच्या मागेपुढे एका संध्याकाळी नूरजहां म्हणाली, "आज हात सोडून उभी राह्यली. मले वाटते, एक-दोन दिवसांत चालंल. तुमी लक्ष ठेवा बरं."

आणि खरंच, त्याच रविवारी शालोम पलंगाची कड सोडून चार पावलं चालली आणि आईच्या गुडघ्यांवर येऊन आदळली. पुष्पांजलीने आनंदाने आरडाओरडा केला. शमुवेलला फोन लावला. तो चिखलीच्या गाडीत तिकिटं फाडत होता, तिथूनच ओरडला, "चालली? माय वं! चालली?" आणि पॅसेंजरांनी विचारलं की काय झालं. संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन पुष्पांजली अंगणापलीकडे गेली. बद्रुद्दीनभाईंनी पेढा तोंडात टाकला.

"मुबारक हो. पण पेढे उशिरा आणले, सिस्टर. ही तं बुधवारपासून चालून राह्यली. सीधी माह्या मशीनपर्यंत आली होती, मी बटन बंद केलं म्हणून बरं."

मागे उभ्या नूरजहांने नवऱ्याकडे असं पाहिलं की भाईंनी उरलेला पेढा चावायचा थांबवला.

"ते काय चालणं होतं?" नूरजहां घाईने म्हणाली. "पडणं-झडणं होतं ते. चालली ती आजच."

पुष्पांजलीच्या हातात पुडा तसाच राहिला. या बाईचे पाय धरावेत, असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी, आपली मुलगी उचलून घेऊन दार लावून घ्यावं, असंही वाटलं. "घ्या नं खाला," म्हणून तिने पुडा पुढे केला.

शालोमने "तिस्तल" म्हटलं ते या सगळ्यानंतर. फैजान आणि रुबिना घरी येत तेव्हा अम्मी म्हणत. तेवढं ऐकून शालोम नूरजहांला अम्मी म्हणायला लागली होती. अख्खा गाव पुष्पांजलीला सिस्टर म्हणत होता, तेही तिने ऐकलं होतं. लेकराचं काही चुकलं नव्हतं.

नूरजहांने त्या दिवसापासून सिस्टर म्हणणं सोडलं. पुष्पांजली दारात आली की मोठ्याने म्हणायची, "पाह्य, कोण आलं? मम्मी आली. बोल, मम्मी."

"अम्मी," शालोम म्हणायची आणि तिलाच बिलगायची.

"मी नाही बे, ही. म-म्मी."

"अम्मी."

"लय हुशार हाये," नूरजहां खजील होऊन म्हणायची. "म्हणंल, पुष्पा बेटी. जिभेले वळण लागू द्या."

मेहकरला दर रविवारी दहा-बारा कुटुंबांची उपासना भरायची. ड्यूटी नसेल तेव्हा शमुवेल बायको-मुलीला घेऊन जायचा आणि दुपारचं जेवण विमलबाईंकडे व्हायचं. पाळकसाहेब प्रार्थना करत होते, सगळ्यांनी डोळे मिटले होते, अशा एका रविवारी विमलबाईंनी एक डोळा उघडून नातीकडे पाहिलं. शालोमने हात जोडले नव्हते. दोन्ही तळवे उघडे करून छातीसमोर धरले होते, आणि "आमेन" झालं तसं "आमीन" म्हणून दोन्ही हात तोंडावरून फिरवले होते.

जेवायला बसल्यावर विमलबाईंनी विषय काढला. "हे काय शिकवून ठेवलं पोरीले?"

"कुणी शिकवलं नाही, आई," पुष्पांजली म्हणाली. "त्या करतात, ती पाहते."

"मंग तुले करताना कधी पाह्यते?"

शमुवेल हसून म्हणाला, "अवं आई, देवाकडंच मागून राह्यली नं? मागू दे." पण विमलबाई हसल्या नाहीत. त्या रागाने बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं. वाटीत वरण वाढत म्हणाल्या, "माहं काही म्हणणं नाही. फक्त लेकरू कोणाचं हाये, हे लेकराले तरी समजू दे."

त्यानंतर पुष्पांजलीने रजा टाकून बघितल्या. दोन-तीन दिवस मिळायच्या, चौथ्या दिवशी पुन्हा कॅम्प असायचा. घरी असली की ती शालोमला अंगणात जाऊ द्यायची नाही. खोलीत खेळणी मांडायची, गाणी म्हणायची. शालोम थोडा वेळ खेळायची आणि मग दाराला नाक लावून बसायची. पलीकडे मशीन सुरू झाली की उठून नाचायची. प्रार्थनेला बसलं की पुष्पांजलीच्या मनात एकच मागणं यायचं, आणि ते शब्दांत मांडायची तिला लाज वाटायची. म्हणून ती काही न मागता नुसती बसून राहायची.

त्या हिवाळ्यात बद्रुद्दीनभाईंचा खोकला वाढला. आधी सकाळी असायचा, मग दिवसभर राहू लागला. एकदा अंगणात पाण्याची बादली उचलून दहा पावलं चालले आणि भिंतीला धरून बसले. पुष्पांजलीनेच त्यांना रेटून खामगावला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. फुप्फुसात कापसाची धूळ बसली होती. डॉक्टर म्हणाले, धंदा बंद करा.

भाईंनी घरी येऊन ते ऐकलंच नाही असं केलं आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केली. पुष्पांजली अंगण ओलांडून गेली आणि तिने बटण बंद केलं.

"भाई, तुम्हाला समजत नाही का? हे असंच चाललं तर पुढच्या वर्षी तुम्हाला बसल्या जागी श्वास घेता येणार नाही. खालांनी काय करायचं मग?"

भाईंनी मशीनवरचे कापसाचे पुंजके पुसून काढले. "मंग मी काय करू, सिस्टर? मले दुसरं येतेच काय?"

शेवटी फैजान आला. "अब्बा, माह्याकडं चला. गल्ल्यावर बसा, गिऱ्हाइकाशी बोला," म्हणाला. त्याची बायको मलिहाही फोनवरून आग्रह करत होती. महिनाभरात मशीन विकली गेली आणि वरवट बकालला जायचं ठरलं. असं काही आपण मागितलं नव्हतं, असं पुष्पांजली स्वतःला सांगत राहिली. भाईंसाठी तेच बरोबर होतं, हे तिला नर्स म्हणून पक्कं ठाऊक होतं. तरी सामान बांधायला मदत करताना ती त्याच गाठी सोडून पुन्हा पुन्हा बांधत होती.

टेम्पो आला. नूरजहांने शालोमला कडेवर घेतलं, अंगणभर फिरवलं, झोळी सोडलेल्या पडवीपर्यंत नेऊन आणलं. मग तिला पुष्पांजलीच्या हातात दिलं आणि बुरख्याचं बटण लावता लावता म्हणाली, "तिले दह्याचा भात थंड चालत नाही. कोमट करून देजा. अन् झोपताना डाव्या कुशीवर. उजव्या कुशीवर निजली तं दचकते."

हे पुष्पांजलीला माहीत नव्हतं. रात्री ती मुलीला उजव्या कुशीवरच निजवायची.

"अम्मी टाटा," शालोम आनंदाने म्हणाली. तिला वाटलं, अम्मी बाजारात जाऊन येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालोम उठली, अंगण ओलांडून गेली आणि कुलूप लावलेल्या दारावर तळहाताने थापा मारू लागली. "अम्मी, दाल उघल." पुष्पांजलीने तिला उचलून आणलं. ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. मग ताप आला. छाती साफ होती, घसा साफ होता, औषध द्यावं असं काही नव्हतं. दुसऱ्यांच्या लेकरांचा ताप नुसत्या हाताने ओळखणारी पुष्पांजली मुलीला मांडीवर घेऊन बसली. आता घरात, अंगणात, सगळीकडे तीच होती. शालोमला ती नको होती.

"खालांना फोन लावू का?" तिने शमुवेलला विचारलं.

"लाव की."

व्हिडिओवर नूरजहांचा चेहरा दिसला तशी शालोमने मोबाइल तोंडाला लावला, काच ओली केली, आणि फोन बंद झाल्यावर तो उलटा करून मागे पाहिलं. मग ती अशी रडली की शमुवेल म्हणाला, "थोडे दिवस नको लावू."

शेवटी विमलबाई आल्या. गुडघ्यांना पट्टे बांधून, मुलाच्याच एसटीतून, पिशवीत औषधं आणि गीतांचं पुस्तक घेऊन. "धावता येत नाही, पण बसून तं राखता येते," म्हणाल्या. पहिल्याच दुपारी त्यांनी ताट वाढलं आणि हात जोडले. शालोम घास घेईना. ती तळवे उघडे धरून आजीकडे बघत बसली. आजीचे हात जोडलेलेच. भात निवत चालला. संध्याकाळी पुष्पांजली घरी आली तेव्हा विमलबाईंनी हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "मी बी मंग हात उघडले. खाल्लं तिनं. उपाशी लेकरू पाहून देव खुश होते का?" एवढं बोलून त्या उठल्या आणि पुन्हा कधी त्यावर बोलल्या नाहीत.

दिवस गेले. शालोम दारावर थापा मारायची थांबली. पलीकडच्या घरात दुसरे भाडेकरू आले. ती अंगणवाडीत जाऊ लागली, वाक्यं बोलू लागली, प्रत्येक गोष्टीला "काऊन?" विचारू लागली. एका संध्याकाळी पुष्पांजली ओट्याशी मेथी निवडत होती आणि उद्याच्या कॅम्पला किती लसी लागतील याचा विचार करत होती. मागून आवाज आला, "मम्मी, हे पाह्य नं."

"हं," म्हणून ती मेथी निवडत राहिली.

विमलबाई पलंगावरून म्हणाल्या, "पुष्पा. ऐकलं का वं?"

"काय?"

"काय म्हणे ती तुले?"

पुष्पांजली मेथीची जुडी टाकून वळली. शालोमच्या मुठीत एक चकचकीत बटण होतं, ते दाखवायला ती आली होती. "काय म्हणालीस, बाळा? परत म्हण बरं." पण तोवर अंगणात शेळी आली होती आणि शालोम शेळीमागे पळाली. पुष्पांजली उंबऱ्यात उभी राहिली. ती हाक आपण कित्येक वर्षं ऐकायची ठरवली होती, आणि आली तेव्हा आपलं लक्षच नव्हतं. विमलबाई हसत होत्या. मग तीही हसू लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. तिला सगळ्यात आधी हे नूरजहांला सांगावंसं वाटलं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. हे त्यांना कसं सांगायचं, ते तिला समजेना.

पुढचा नाताळ झाला आणि शमुवेलला सलग दोन दिवस सुट्टी मिळाली. पुष्पांजलीने करंज्या, शंकरपाळे, केकचे तुकडे डब्यात भरले आणि तिघं निघाली: आधी खामगाव, तिथून शेगाव, तिथून वरवट. शालोम आता तीन वर्षांची होत आली होती. रस्ताभर पुष्पांजली तिला सांगत होती, "आपण अम्मीकडे चाललो. तुझी अम्मी. तू तिच्या झोळीत झोपायचीस, आठवते?" शालोम खिडकीतून ऊस भरलेल्या ट्रॉल्या मोजत होती, एक-दोन-सात अशा.

स्टँडवर नूरजहां उभी होती. बस थांबायच्या आत तिने खिडक्या धुंडाळल्या. शालोम उतरली तशी ती खाली बसली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "सलामत!"

शालोम आईच्या मागे गेली. ओढणी घट्ट धरली. नूरजहांने पुन्हा हाक मारली तेव्हा तिने ओढणीत तोंड खुपसलं.

"अगं, अम्मी आहे," पुष्पांजली म्हणाली. "जा ना. बाळा, जा."

"राहू द्या, राहू द्या," नूरजहां उठली. गुडघ्यावरची धूळ झटकली. "प्रवासाची थकली असंल."

घरापुढच्या दुकानात बद्रुद्दीनभाई गल्ल्यावर बसले होते. अंगाने भरले होते, खोकला बराच कमी होता. शमुवेल त्यांच्याशी बोलत बसला. मलिहाने पाणी दिलं. नूरजहांने कोमट दहीभात कालवून आणला, वर साखर भुरभुरवली होती. शालोमने तो आईच्या हातून खाल्ला. खाताना तिने विचारलं, "मम्मी, ह्या कोण हायेत?"

पुष्पांजलीने नूरजहांकडे पाहिलं. मग नूरजहांच म्हणाली, "मी? मी तुही नानी होय."

"नानी," शालोमने म्हणून बघितलं. तिला ते चाललं.

पुष्पांजली उठून स्वयंपाकघरात गेली. नूरजहां मागोमाग आली, तर ही डब्यांच्या फळीला धरून रडत होती.

"पागल झाल्या का? तुमी काऊन रडता? रडायचं तं मी पाह्यजे."

"खाला, मी रोज तिला सांगते. फोटो दाखवते. तरी ती..."

"लेकरू होय ते. विसरते. मले माह्या दूधपित्या वयाचं काय आठवते? तुमाले आठवते?" नूरजहांने तिचा हात धरून तिला पाटावर बसवलं. "पहिले दोन-तीन महिने मी बी सकाळी उठून झोळी बांधायले दोरी शोधत होती. मलिहाले वाटलं, अम्मीचं डोकं फिरलं."

बाहेर शालोम भाईंना शेळीची गोष्ट सांगत होती.

"खाला," पुष्पांजली म्हणाली, "मी घरी नसायचे तेव्हा ती काय काय करायची? तुम्ही मला कधी नीट सांगितलंच नाही."

"कसं सांगू? तुमी थकून यायच्या. अन् तोंड पाहून मले समजत होतं. एखादं सांगितलं की तुमचा चेहरा उतरायचा."

"आता सांगा. सगळं सांगा."

नूरजहांने भाताचं पातेलं बाजूला सारलं आणि सांगायला सुरुवात केली. पहिला दात खालचा होता आणि तो तिने भाईंच्या बोटावर लावून दाखवला होता. मशीन बंद झाली की तिला दचकायला व्हायचं, सुरू असली की नाही. दुपारी भाकरीच्या वासाने उठायची. एकदा तिने लाल दोऱ्याची अख्खी रिळं उलगडून स्वतःला गुंडाळून घेतलं आणि सोडवायला गेलं तर हसून हसून उचकी लागली. पावसात पडवीच्या पागोळ्या पकडायची आणि मूठ उघडून पाणी कुठं गेलं म्हणून पाह्यची. बुधवारी चालली तेव्हा आधी पडली, रडली नाही, चारी बाजूंना पाहिलं.

"चारी बाजूंना? का बरं?"

नूरजहांने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमची गाडी लागायची त्या जागेकडं पाह्यलं पहिले. मंग माह्याकडं."

पुष्पांजलीने ते तिच्याकडून पुन्हा एकदा सांगून घेतलं. मग नूरजहां म्हणाली, "आता तुमी सांगा. मी गेल्यावर काय काय केलं तिनं?" आणि पुष्पांजली सांगू लागली. तापाचं सांगितलं. कुलपाचं सांगू की नको, असं झालं, तेही सांगितलं. विमलबाईंनी हात उघडले ते ऐकून नूरजहां तोंडावर हात ठेवून हसली आणि मग तो हात तसाच राहिला. मेथी निवडतानाची गोष्ट मात्र सांगताना पुष्पांजली अडली.

"म्हणाली का?" नूरजहांने विचारलं.

"म्हणाली."

"मी म्हटलं नव्हतं? जिभेले वळण लागते." ती उठली आणि चहा टाकायला वळली. पाठ करूनच म्हणाली, "चांगलं झालं, बेटी."

दिवस कलला तेव्हा शालोम नूरजहांच्या मांडीजवळ बसून करंजी खात होती. मांडीवर बसली नाही; जवळ बसली. नूरजहांने तिच्या केसांवरून एकदा हात फिरवला, दुसऱ्यांदा फिरवायला उचलला आणि आवरता घेतला.

स्टँडवर निरोप देताना ती म्हणाली, "रमजान संपला की या. नाही जमलं तं मी येईन." पण सगळ्यांना ठाऊक होतं की भाईंना सोडून तिला निघता येणार नाही, आणि शमुवेलला सलग सुट्टी वर्षातून एकदाच मिळते.

शेगावच्या गाडीत गर्दी होती. शमुवेल उभा होता, पुष्पांजलीला शेवटच्या बाकावर खिडकीजवळ जागा मिळाली. शालोम तिच्या मांडीवर उभी राहून मागच्या काचेतून पाहत होती.

"मम्मी, नानी अजून उभीच हाये."

"असू दे."

"काऊन उभी हाये? बस तं गेली नं?"

पुष्पांजलीने मागे वळून पाहिलं. धुळीत आता माणसं वेगवेगळी दिसत नव्हती. तिने मुलीला खाली बसवलं, पायातले बूट काढले आणि कुशीत घेतलं. शालोम थोडा वेळ चुळबुळली. बोंडं वेचून झालेली रानं मागे जात होती.

"नानी आपल्या घरी येईल?" तिने जांभई देत विचारलं.

"ती यावी असं वाटतं का तुला?"

"हाव."

"मग आपण बोलावू," पुष्पांजली म्हणाली, आणि मुलीला डाव्या कुशीवर वळवून तिने तिच्या पाठीवर हात ठेवला.